काचा बंद, एसी बंद

आमच्या गाडीला एसी आहे, हे मला चौदा वर्षं फक्त ऐकून माहीत होतं. बटण आहे, हवा यायच्या जाळ्या आहेत, निळ्या रंगाची खूणसुद्धा आहे. पण एसी लावला की पेट्रोल जास्त जातं, आणि काचा उघडल्या की गाडी वाऱ्याला अडते, म्हणजे पुन्हा पेट्रोल जास्त जातं, असा माझ्या नवऱ्याचा सिद्धांत. तेव्हा एसी बंद आणि काचाही बंद. मे महिन्यात भाईंदरच्या पुलावर कोणी आमच्या गाडीत डोकावून बघितलं असतं, तर त्याला मोदकपात्रात दोन माणसं बसलेली दिसली असती.

नवऱ्याचं नाव उत्तम. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरात उत्तम म्हणते आणि गाडीत काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही. भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून असलेल्या सोसायटीत आम्ही वीस वर्षं राहतोय. उत्तम जवळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फोरमन आहे. शांत, निर्व्यसनी माणूस. कंजूष म्हणाल, तर तेही नाही. हापूसची पेटी घेताना तो भाव करत नाही आणि माझ्या भाचीच्या लग्नात त्याने हात चांगला सैल सोडला होता. पैसे वाचवणं हा त्याचा मुद्दाच नाही. त्याला हवं असतं ॲव्हरेज. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, तो आकडा. सव्वीस पॉइंट तीन हा त्याचा आजवरचा विक्रम. तो आकडा आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. इतरांच्या फ्रिजवर तिथे नातवंडांचे फोटो असतात.

या आकड्यासाठी आमची गाडी हळूहळू रिकामी होत गेली. आधी टपावरचा कॅरिअर गेला, मग पायाखालची मॅट्स, मग जॅक आणि पान्हे. एक दिवस डिकीतली स्टेपनीही वर घरात आली. चौदा किलोचं चाक उगाच का फिरवायचं, असा त्याचा प्रश्न होता. टाकी तो कधी अर्ध्याच्या वर भरत नाही, कारण पेट्रोललाही वजन असतं. अनवाणी गाडी चालवतो, म्हणजे ॲक्सिलरेटर किती दाबला ते तळपायाला कळतं. चाकांत हवा इतकी ठासून भरतो की साध्या खड्ड्यातही माझे दात वाजतात. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला सेकंदांचा आकडा दहाच्या वर असला की इंजिन बंद. पूल उतरताना न्यूट्रल. पूर्वी तिथेही इंजिन बंद करायचा, पण एकदा उतारावर स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा झाला आणि आम्ही दुभाजकावर चढता चढता वाचलो. त्या दिवशी मी पुलाखाली उतरून रिक्षाने घरी गेले आणि दोन दिवस बोलले नाही. तेव्हापासून तेवढं एक बंद झालं.

ब्रेक मारणं मात्र त्याला अजूनही जिवावर येतं. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग आपल्याच पायाने मारायचा, याचं त्याला खरंच वाईट वाटतं. त्यामुळे पुढे स्पीडब्रेकर दिसला की तो अर्धा किलोमीटर आधीच पाय काढून घेतो. मग गाडी रांगत जाते, मागचे लोक हॉर्न वाजवतात आणि मी पदराने तोंड पुसत बसते.

वर आलेली स्टेपनी वाया गेली नाही. माझ्या सासूबाई, सरूबाई, आता एक्याऐंशीच्या आहेत. मूळच्या रत्नागिरीकडच्या, समुद्राकाठी वाढलेल्या. या दिवाळीनंतर त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उंच जागी बसायला सांगितलं, तर उत्तमने गॅलरीत एका रुंद स्टुलावर स्टेपनी आडवी घातली, तिच्यावर गोधडी, आणि आईसाठी आसन तयार. मधे भोक असल्याने बसायला बरं वाटतं, असं त्या म्हणायच्या. सकाळ-संध्याकाळ त्या तिथे बसून समोरच्या बिल्डिंगच्या वाळत घातलेल्या चादरी बघायच्या. आधी दिवसातून दोनदा भाजीबाजारात जाणारी बाई. पाच महिन्यांत, डॉक्टरांकडे ॲम्ब्युलन्सने नेलं ते सोडलं तर, कुठे गेल्या नव्हत्या. तक्रार नाही करायच्या. फक्त अधूनमधून विचारायच्या, उत्तनचा समुद्र अजून तिथेच आहे ना?

उत्तनला न्यायचं आमच्या मनात होतंच. पण आम्हाला सोसायटीत पार्किंग नव्हतं. गाडी नाल्यापलीकडच्या रस्त्यावर लागायची, आणि वॉकर घेऊन तिथवर चालणं आईंना शक्य नव्हतं. जिन्याच्या पायरीला अगदी लागून सात नंबरची जागा होती. ती मिळाली की आईंना लिफ्टमधून उतरवायचं आणि चार पावलांत गाडीत बसवायचं, असं उत्तमने ठरवून टाकलं होतं. मीही त्यांना तेच सांगायची. एकदा पार्किंग मिळू दे आई, मग दर रविवारी जाऊ. त्या मान डोलवायच्या.

आणि मार्चमध्ये सात नंबरवाले भाडेकरू वसईला राहायला गेले.

जागा एक आणि अर्ज दोन. दुसरा अर्ज नीरज पारेखचा. भाईंदर पश्चिमेला त्याचं भांड्यांचं दुकान आहे, नवी कोरी गाडी आहे आणि आवाज असा की चौथ्या मजल्यावर तो फोनवर बोलला की आम्हाला तिसऱ्यावर मालाचा भाव कळतो. मनाने वाईट नाही. पण रस्त्यावर लावलेल्या त्याच्या नव्या गाडीवर कोणीतरी चावीने रेघ ओढली होती आणि त्याला रात्री झोप लागत नव्हती. आमच्या सेक्रेटरी आशाताई, म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, दरवेळी चिठ्ठ्या टाकतात. त्या दिवशीही त्यांनी मीटिंगला स्टीलचा डबा आणला होता. तेवढ्यात नीरज हसत म्हणाला, उत्तमभाईंना पार्किंग कशाला, ते तर गाडी ढकलत नेतात. सगळे हसले. आता हे खरं आहे की नाल्याकडच्या उतारावर उत्तम गाडी ढकलून मगच चालू करतो. पण चारचौघांत हे ऐकून त्याचे कान लाल झाले.

तो म्हणाला की नव्या गाड्या नुसत्या दिसायला. नीरज म्हणाला की त्याच्या गाडीच्या पडद्यावर बावीसचं ॲव्हरेज दिसतं. उत्तम म्हणाला, पडदे काहीही दाखवतात, खरं काय ते टाकी काठोकाठ भरून, फिरून, पुन्हा भरल्यावर कळतं. शब्दाला शब्द वाढला आणि आशाताईंच्या चष्म्यामागे मला जुनी गणिताची बाई जागी झालेली दिसली. त्यांनी डबा बाजूला ठेवला. येत्या रविवारी एकाच पंपावर, एकाच नळीने दोन्ही टाक्या भरायच्या. मुर्धा, राई, मोरवा करत उत्तनला जायचं आणि परत यायचं, अशा तीन फेऱ्या. मग पुन्हा टाक्या भरायच्या. ज्याचं ॲव्हरेज जास्त, त्याला सात नंबर. खोटेपणा नको म्हणून याची बायको त्याच्या गाडीत आणि त्याची बायको याच्या गाडीत साक्षीदार म्हणून बसेल. ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या सोसायटीत वीस वर्षांत एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव.

तो आठवडा घरात परीक्षेसारखा गेला. उत्तमने गाडी आतून झाडली, बाहेरून मेण लावलं, चाकांत अजून थोडी हवा भरली. आई गॅलरीतून सगळं बघत होत्या. जिंकलो की थेट तुला पायरीवरून उचलतो, असं त्याने त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बघू.

मला खरं तर एका गोष्टीचा आनंद झाला होता. साक्षीदार म्हणून का होईना, नीरजच्या गाडीत मला तीन तास थंडगार एसी मिळणार होता. रविवारी सकाळी सात वाजता मी पावडर लावून त्याच्या गाडीत पुढे बसले. बघते तर नीरज अनवाणी. काचा बंद. एसी बंद. "गिरिजाबेन, आज सब बंद," तो कपाळ पुसत म्हणाला. "उत्तमभाईंची सगळी ट्रिक मी वॉचमनकडून काढून घेतलीय. स्टेपनी पण दुकानात ठेवून आलो." माझं नशीबच तसं, दुसरं काय.

आता खोटं कशाला बोलू, मीही काही साधी साक्षीदार नव्हते. माझ्या मोठ्या पिशवीत त्या दिवशी आमचा लोखंडी खलबत्ता होता. चांगला पाच किलोचा. नीरजच्या गाडीचं तेवढंच वजन वाढेल, असा विचार. सासूबाईंना समुद्र दाखवायचा तर थोडं पाप पदरी पडलं तरी चालेल, असं मी स्वतःला समजावलं होतं.

नीरजची बायको ममता आमच्या गाडीत बसली. बिचारी थेपल्यांची भरलेली पिशवी आणि हातपंखा घेऊन आली होती. उत्तमची गाडी पुढे, नीरजची मागे, अशी मिरवणूक निघाली. नीरजने कुठेतरी ऐकलं होतं की दुसऱ्या गाडीच्या पाठोपाठ गेलं की वारा कमी लागतो. म्हणून तो उत्तमच्या गाडीला असा चिकटून चालला होता की मला ममताच्या वेणीतली फुलं मोजता येत होती. वेग अडतीस. मुर्ध्याजवळ एक सायकलवाला आमच्या पुढे गेला आणि वळून वळून बघत राहिला. पहिल्या फेरीत नीरजने दोनदा हॉर्नवर हात नेला आणि दोनदा मागे घेतला, कारण हॉर्नलाही बॅटरी लागते. घामाने त्याचा शर्ट सीटला चिकटला होता. परत येताना राईजवळ तो मला म्हणाला की एवढं रोज करणारा माणूस एक तर साधू असणार नाहीतर वेडा. मी म्हटलं, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, अजून नक्की कळलं नाही.

दुसऱ्या फेरीत मोरव्याच्या पुढे घात झाला. रस्त्याला थोडा चढ होता आणि वळणावर एक खड्डा. दुसरा कोणी असता तर ब्रेक मारून खड्ड्यातून सावकाश गेला असता. पण चढावर ब्रेक मारायचा आणि पुन्हा वेग घ्यायचा, म्हणजे ॲव्हरेजचं वाटोळं. उत्तमने स्टिअरिंग जरासं वळवलं. खड्डा चुकला, पण त्याच्या कडेचा धारदार दगड नाही चुकला. दगडासारखं फुगवलेलं ते टायर इतक्या जोरात फुटलं की शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकत रस्त्यावर आली.

आम्ही उतरलो. टायर बाजूने हातभर फाटलं होतं. पलीकडच्या टपरीवरचा पंक्चरवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, इसमें कुछ नहीं होगा, स्टेपनी लगाओ. उत्तम नीरजकडे बघायला लागला आणि नीरज उत्तमकडे. एकाची स्टेपनी गॅलरीत, दुसऱ्याची कुलूपबंद दुकानात. नीरज म्हणाला, तशीही त्याची या गाडीला बसली नसतीच. दोन अनुभवी, शहाणे, अनवाणी पुरुष तापत्या रस्त्यावर एक पाय वर, एक पाय खाली करत उभे होते. मला हसू आवरेना, पण उत्तमचा चेहरा बघून मी ते गिळलं.

नीरजच्या डिकीत निदान जॅक आणि पान्हे तरी शिल्लक होते. गाडी मागे घरंगळू नये म्हणून चाकामागे काहीतरी जड ठेवायला हवं होतं. नीरज दगड शोधायला लागला. आजूबाजूला एकही धड दगड नाही. गाडी जागेवरच हलल्यासारखी झाली, तेव्हा माझा नाइलाज झाला. मी पिशवी उघडली आणि खलबत्ता काढून चाकामागे ठेवला. उत्तमने आपला खलबत्ता लगेच ओळखला. नीरजने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात ममता फसकन हसली, आमच्या गाडीतून आपली थेपल्यांची पिशवी घेऊन आली आणि तिने तळातून दुकानातल्या तराजूचं पाच किलोचं वजन बाहेर काढलं. ते तिने दुसऱ्या चाकामागे लावलं. मग आम्ही दोघी रस्त्याकडेला बसून थेपले खाल्ले.

उत्तमने आशाताईंना फोन लावला. आमच्या घराची एक चावी त्यांच्याकडे असते. गॅलरीतली स्टेपनी रिक्षात घालून कोणाबरोबर तरी पाठवा, असं त्याने सांगितलं आणि फोन ठेवून मान खाली घातली. शर्यत अजून हरलेली नव्हती. चाक बदललं की उरलेलं अंतर कापता येणार होतं. पण तो मनातल्या मनात आकडे जुळवत होता आणि ते जुळत नव्हते, हे मला दिसत होतं. सात नंबर गेला तर आईला काय सांगायचं, एवढंच तो मला हळूच म्हणाला.

पाऊण तासाने रिक्षा आली. पुढे ड्रायव्हर. मागे एका बाजूला आशाताई, मधे गोधडीत गुंडाळलेली स्टेपनी, आणि दुसऱ्या बाजूला स्टेपनीवर हात टाकून बसलेल्या, नवं लुगडं नेसलेल्या माझ्या सासूबाई. वॉकर रिक्षाच्या मागे दोरीने बांधला होता.

आशाताई उतरल्या त्याच खुलासा करत. त्या चाक न्यायला गेल्या, तर सरूबाई त्याच्यावर बसलेल्या. उठा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, चाक कुठे चाललंय? उत्तनच्या वाटेवर, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, चाक जाईल तिथे मी जाईन. वॉचमन शिवाने त्यांना लिफ्टमधून खाली आणलं, रिक्षा पायरीला लागली, आणि त्या बसल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत म्हणे.

समोरच्या घरातून मंदाबाई नावाच्या एक मोरव्याच्या बाई मघापासून आमची गंमत बघत होत्या. त्यांनी लगबगीने प्लास्टिकची खुर्ची आणली. "बसा आये, उन्हात नको. सावली हाय इथं," म्हणत त्यांनी आईंना आंब्याखाली बसवलं. तिथे सुक्या मासळीचा वास येत होता. आईंनी डोळे मिटून तो छातीभर घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी पाच महिन्यांत ते बघितलं नव्हतं.

उत्तम काळे हात घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. "आई, कशाला आलीस तू? रिक्षात हादरे बसले असतील. थोडे दिवस थांबली असतीस, तर पार्किंग मिळालं असतं."

"रिक्षा पायरीला लागली, मी बसले, आले," त्या म्हणाल्या. "तुझी गाडी पायरीपर्यंत येत नाय काय?"

"येते ना. पण थंड इंजिन असतं. नाल्याला वळसा घालून यायचं, मग तू खाली येईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, मग..." उत्तम बोलता बोलता थांबला.

आईंनी त्याच्याकडे वर बघितलं. आवाजात राग नव्हता. "पाच महिने मी जागेची वाट बघत नव्हते रे. तू चल म्हणतोस का, तेवढंच बघत होते."

मला इतकी लाज वाटली की मी आईंकडे बघू शकले नाही. उत्तमचं सोडा, तो आकड्यांतला माणूस. पण मी? मीही पाच महिने पार्किंग पार्किंग करत राहिले. फाटकातून गाडी आत आणायची, दहा मिनिटं उभी करायची आणि आईंना बसवायचं, हे एवढं साधं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. चौदा वर्षं त्या मोदकपात्रात बसून माझंही डोकं उकडून निघालं होतं बहुतेक.

उत्तमने गपचूप चाक बसवलं. नट आवळताना तो दोनदा बाहीने डोळे पुसत होता. घाम असेल, पण मला नाही तसं वाटलं. मग तो उठला, सीटखालच्या चपला घातल्या आणि नीरजसमोर गेला. "नीरजभाई, सात नंबर तुमचा. मी शर्यत सोडतोय. आईला उत्तनला घेऊन चाललोय."

नीरज गडबडला. म्हणाला, "अरे ऐसा कैसे? अजून एक फेरी बाकी आहे. आपण नंतर करू."

"नंतर नको," उत्तम म्हणाला.

आशाताईंनी निकाल लिहायची वही उघडली आणि मिटली. ममता म्हणाली की आता ती कुठल्याच बंद काचांच्या गाडीत बसणार नाही, आणि आशाताईंबरोबर रिक्षात जाऊन बसली. नीरज आपल्या गाडीत चढला, सगळ्यात आधी एसी लावला आणि मोरव्यापासून राईपर्यंत हॉर्न वाजवत गेला. सकाळपासून साठलेले सगळे हॉर्न त्याने तिथेच वाजवून टाकले असावेत.

आईंना आम्ही पुढच्या सीटवर बसवलं. मी मागे. शंभर पावलं गेलो असू, तर त्या म्हणाल्या, "ह्या काचा कशाला लावल्यास? वारा कुठून येणार?" उत्तमचा हात एक क्षण स्टिअरिंगवर घट्ट झाला. मग त्याने वाकून त्यांच्या बाजूची काच खाली केली, मग आपली. मीही मागची मूठ फिरवली. काच करकरत अर्ध्यावर अडकली, दोन बुक्के मारल्यावर खाली गेली. डोंगरीच्या चढावर खारा वारा आत आला. आईंचे पांढरे केस सुटून उत्तमच्या तोंडावर यायला लागले आणि तो ते बाजूला न करता गाडी चालवत राहिला. उत्तनला वाळूत जाणं शक्य नव्हतं. रस्त्याच्या कडेला गाडी लावून आम्ही तासभर गाडीतूनच समुद्र बघितला. होड्या परत येत होत्या. कुठल्या होडीत काय मासळी असेल, ते आई दुरून सांगत होत्या आणि आम्ही खरं धरून चालत होतो.

सात नंबरवर आता नीरजची गाडी असते. तिच्यावर नवी रेघ उठलेली नाही आणि त्याला झोपही छान लागते. घोरणं आम्हाला खाली ऐकू येतं.

पुढच्या रविवारी उत्तमने नाल्याला वळसा घालून गाडी पायरीशी आणली. न ढकलता. आई लिफ्टमधून उतरल्या, वॉकर टेकत एक एक पाऊल टाकत आल्या, मधेच ममताशी गप्पा मारायला थांबल्या, परत निघाल्या. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघितलं. अकराच्या अकरा मिनिटं इंजिन चालू होतं आणि दहा सेकंदांच्या सिग्नलला चावी फिरवणारा माझा नवरा दार उघडं धरून उभा होता. स्टेपनी डिकीत परत गेलीय. आईंना गॅलरीत खरी उंच खुर्ची आणलीय, पण ती चाकाइतकी आरामाची नाही, असं त्या रोज ऐकवतात.

त्या रविवारी पूल चढून आम्ही पश्चिमेला उतरलो. काचा खाली होत्या, पण पुढची गाडी हलत नव्हती आणि ऊन मागच्या सीटवर येत होतं. उत्तमने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मागे गरम होतंय का तुला?" त्याने विचारलं.

चौदा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी काही म्हणायच्या आत त्याने हात पुढे करून ते निळ्या खुणेचं बटण दाबलं. काचा उघड्या आणि एसी चालू. आधी जाळीतून धुळीचा एक लोट आला आणि आई शिंकल्या. मग घरघर करत हवा आली, ती गरमच.

"गॅस संपला असणार," उत्तम ओशाळून म्हणाला आणि बटणाकडे हात नेला. "वापरलाच नाही ना कधी. बंद करतो."

"असू दे," मी म्हटलं. "चालू राहू दे."